‘बाई, त्यालाच का जास्त वेळ?’

तिसरीचा वर्ग आहे, जिल्हा परिषदेची शाळा. एका मुलाला कमी दिसतं, म्हणून त्याला फळ्यालगत बसवते आणि श्रुतलेखनाला जादा वेळ देते. बाकीची पोरं फुगून बसतात. समजावू कसं?

— भाषण नको, खिचडीवरून सुरुवात करा. पोषण आहारात पाचवीपर्यंत माणशी 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. “मोठ्या ताईला जास्त का?” हे मुलांनाच विचारा. माझ्या वर्गात एक जण पटकन म्हणाला, “तिला भूक जास्त लागते.” मग लगेच श्रुतलेखनावर या. त्या मुलाचं नाव मात्र घेऊ नका, त्याला उगाच ओशाळल्यासारखं होतं.

— दहावीच्या बोर्डालाही दृष्टिबाधित मुलांना तासाला 20 मिनिटं जादा देतात. पालक कुरकुरले तर हे सांगा.

— खिचडीचं उद्याच करते! पण फळा पुसायला, घंटा द्यायला मात्र सगळ्यांची पाळी सारखीच ना?

— अगदी सारखी! त्यालाही घंटा द्यायला लावाच. तिथे सूट दिलीत तर पोरं बरोबर हेरतात, आणि त्यालाही ते लागतं.