पिंग एकाच बाजूने जातंय? केबल बदलू नका

लॅपटॉपवरून डेस्कटॉपला पिंग (दुसरं मशीन उत्तर देतंय का हे बघायचा छोटा संदेश) जातंय, पण डेस्कटॉपवरून लॅपटॉपला केलं की ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ येतंय, असं तुम्ही लिहिलंय. मग नवी केबल, नवा राउटर यांच्या मागे लागू नका, पैसे फुकट जातील. एका बाजूचं पिंग पोचून त्याचं उत्तरही परत येतंय, म्हणजे रस्ता जाता-येता मोकळा आहे. बंद आहे ते लॅपटॉपचं दार, म्हणजे फायरवॉल, नेटवर्कवरून आत येणारं अडवणारा पहारेकरी.

माझ्याकडे अगदी हेच झालं होतं. विंडोजमध्ये घरचं वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदलं गेलं होतं, त्यामुळे फायरवॉल जास्त कडक झाली होती. नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ते ‘प्रायव्हेट’ केलं, फाइल आणि प्रिंटर शेअरिंग चालू केलं, आणि लगेच उत्तर यायला लागलं. फायरवॉल सरसकट बंद मात्र करू नका, कळकळीने सांगतो.

त्यानंतरही शेअर केलेला फोल्डर उघडला नाही तर पासवर्ड तपासा. माझी अख्खी संध्याकाळ इथेच गेली. रोज लॉगिनला लागतो तो चार आकडी पिन मी पुन्हा पुन्हा टाकत होतो. पिन त्या एका मशीनपुरताच असतो, नेटवर्कवरून आत शिरायला खात्याचा पासवर्डच लागतो.

ज्यांचं पिंग दोन्ही बाजूंनी अडतंय, त्यांनी आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही आज्ञा चालवून मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता बघावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. आणि एक मशीन गेस्ट वायफायवर तर नाही ना, हेही बघा. तिथली उपकरणं बहुधा घरातल्या बाकीच्यांपासून मुद्दाम वेगळी ठेवलेली असतात.