सेटिंग आणि बिलांच्या फाइली नेमक्या कुठे ठेवाव्यात?

प्रश्न (दादर): किराणा दुकानांसाठी लिहिलेल्या माझ्या बिलाच्या प्रोग्रामची सेटिंग विंडोजच्या ‘प्रोग्राम फाइल्स’ फोल्डरमध्येच साठवली जातात. लालबागच्या एका दुकानात मालकांनी बदललेला जीएसटी क्रमांक त्यांच्या लॉगिनवर नवा दिसतो, पण गल्ल्यावरच्या मुलाच्या लॉगिनवर जुनाच छापला जातो. असे का व्हावे?

उत्तर (ठाणे): सामान्य वापरकर्त्याला त्या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही, मात्र तुमचा प्रोग्राम ३२ बिटचा आणि मॅनिफेस्टविना (म्हणजे कोणते हक्क हवेत हे विंडोजला सांगणाऱ्या माहितीविना) असेल, तर व्हिस्टापासून विंडोज ते लिखाण गुपचूप त्या त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरमध्ये वळवते आणि प्रत्येकाची प्रत वेगळी होते. दुकानाची सामायिक सेटिंग सर्व वापरकर्त्यांसाठी एकच असलेल्या ‘प्रोग्रामडेटा’ फोल्डरमध्ये ठेवावीत आणि इन्स्टॉलरनेच तिथे लिहिण्याची परवानगी द्यावी. खिडकीचा आकार, फॉन्ट अशा वैयक्तिक आवडी प्रत्येक वापरकर्त्याच्या स्वतंत्र ‘ॲपडेटा’मध्ये शोभतात.

उत्तर (गिरगाव): बिले मात्र ‘ॲपडेटा’मध्ये दडवू नका. ते फोल्डर लपलेले असते. मी फॉरमॅटपूर्वी फक्त ‘डॉक्युमेंट्स’ पेनड्राइव्हवर घेतले आणि एका हिशेबाच्या प्रोग्रामने ‘ॲपडेटा’मध्ये लपवलेल्या वर्षभराच्या नोंदी गमावल्या. पहिल्यांदा प्रोग्राम उघडताच मालकांनाच जागा विचारावी, हे बरे.

प्रश्नकर्ता: मॅनिफेस्ट खरोखरच नव्हते. मालकांच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’मध्ये नवा क्रमांक सापडला.