एनके (नॅचरल किलर) सेल नक्की कुठे तयार होतात? दादाच्या रिपोर्टवरून प्रश्न

चाफेकळी: दादाचं बोनमॅरो ट्रान्सप्लांट होऊन महिना झाला, परवा फ्लोचा (रक्तातल्या पेशी ओळखून मोजायची तपासणी) रिपोर्ट आला त्यात टी सेल अगदीच कमी पण एनके बऱ्यापैकी (दोन्ही रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी), आणि त्यातल्या बऱ्याच सीडी५६ ब्राइट, म्हणजे अंगावर सीडी५६ हे प्रोटीन भरपूर असलेल्या. डॉक्टर चांगलंय म्हणाले. पण ब्राइट म्हणजे कच्च्या का?

रानवाट: ताई, ट्रान्सप्लांटनंतर लिम्फोसाइटपैकी (टी, बी नि एनके या पांढऱ्या पेशींपैकी) एनकेच सगळ्यात आधी परत येतात, त्यामुळे हे अपेक्षितच. सुरुवात मॅरोमधल्या सीडी३४वाल्या मूळ पेशींपासून, पण माणसात पुढची बरीच वाढ टॉन्सिल नि लिम्फ नोडमध्ये होते आणि आयएल-१५ हे वाढीचा संदेश देणारं प्रोटीन मिळालं नाही तर गाडी पुढे सरकतच नाही. आधी ब्राइट, मग त्यांच्याच पुढे डिम, म्हणजे सीडी५६ कमी असलेल्या. निरोगी माणसाच्या रक्तात ९० टक्क्यांच्या आसपास डिमच असतात, त्यांच्यावर सीडी१६ (अँटीबॉडी चिकटलेली पेशी ओळखणारा रिसेप्टर) भरपूर आणि पोटात परफोरिन-ग्रॅन्झाइम या पेशी मारणाऱ्या प्रोटीनचे दाणे ठासून भरलेले. पण ब्राइटना निकामी समजू नका हं, त्या इंटरफेरॉन गॅमा, म्हणजे बाकीच्या पेशींना जागं करणारं प्रोटीन, जोरात सोडतात.

मीठभाकर: एनके सेलचं एज्युकेशन, म्हणजे शिकून तयार होणं, राहिलं की! सेलवरचे किर नावाचे रिसेप्टर आपल्याच एचएलएशी (आपल्या पेशींवरच्या ओळखखुणेशी) जुळले की तिला आपलं कोण ते कळतं आणि मारायची ताकदही येते, न जुळलेली थंडच राहते. मला तर हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

चाफेकळी: म्हणजे नव्याने तयार होतायत! आईला आत्ताच फोन करते.

रानवाट: करा करा. पण टी सेल भरून यायला बरेच महिने लागतात, तोवर मास्क आणि बाहेरचं खाणं यात अजिबात ढिलाई नको.