सल्ला हवा: हिमाचलातल्या लाहौलच्या बर्फासाठी उपग्रहाची चित्रं कोणती, नासाचं मोडिस की युरोपचं सेंटिनेल-२? (बजेट ३,०००)

वर्धारोडवाला: एम.एस्सी. भूगोल, शेवटचं वर्ष. चंद्रा खोऱ्यात नोव्हेंबर ते जून बर्फाची रेषा किती खाली-वर होते ते मांडायचंय. लॅपटॉप जुना, ८ जीबी. खर्चाला जेमतेम ३,००० रुपये.

गोधनी_पॅसेंजर: ३ हजारात काय होते बे? मी दिवाळीत ८५ हजारांचा घेतला. क्यूजीआयएस (नकाशाचं सॉफ्टवेअर) लोण्यासारखं चालून राहिलं.

तर्री_जास्त: बाहेर ४५ डिग्री अन् अभ्यास बर्फाचा! आपल्याकडे बर्फ गोलेवाल्याच्या गाडीवर.

जुना_नकाशेवाला: मोडिस. रोजचं चित्र, २००० पासूनचा साठा, फुकट. पिक्सेल ५०० मीटरचा, पण एवढ्या खोऱ्याला भागते. फक्त माझी चूक करू नको. हिरवा पट्टा आणि शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा प्रकाश), दोघांच्या आकड्यांची वजाबाकी भागिले बेरीज, ०.४ च्या वर म्हणजे बर्फ. एवढंच वाचून मी नकाशा छापला. ऑगस्टात चंद्रताल तलाव पांढराशुभ्र! सर म्हणाले, "तळ्यात बर्फ कधी पडला?" पाण्याचा आकडाही तसाच चढतो. निअर इन्फ्रारेडमध्ये परावर्तन ०.११ च्या खालचे पिक्सेल आधी उडव.

ढगाळ: अन् हिवाळ्यात ढग आले की? डोळ्याला दोन्ही पांढरे. शॉर्टवेव्हमध्ये बर्फ काळपट, ढग बहुतेक उजळ, म्हणून वेगळे करता येतात, पण ढगाखाली काय आहे ते कळतच नाही. सेंटिनेल-१ चं रडार घे, ते ढगातून पार बघते.

जुना_नकाशेवाला: कोरडा बर्फ त्या रडारला जवळपास पारदर्शक! ओला झाला की परतीचा संकेत घटतो. वितळण बघायला ठीक, जानेवारीला काय करशील?

गोधनी_पॅसेंजर: आम्ही मनालीला गेलो तेव्हा बर्फच नव्हता. घोडेवाल्याने आठशे घेतले अन् चिखल दाखवला.

बर्डी_रिटर्न: वर सांगितलंच आहे, तरी सांगतो, मोडिस. गुगल अर्थ इंजिनवर ऑनलाइन कोड लिहून कर, डाउनलोडची कटकटच नाही, अभ्यासाला फुकट. नाहीतर आपल्या इस्रोच्या रिसोर्ससॅट-२ उपग्रहाचा एविफ्स कॅमेरा, ५६ मीटर, दर पाच दिवसांनी, शॉर्टवेव्हही आहे. इस्रोच्या भूनिधी पोर्टलवर बघ.

ढगाळ: एविफ्सलाही ढग लागतातच ना भाऊ.

वर्धारोडवाला: सगळ्यांचे आभार. सेंटिनेल-२ च घेतोय. कोड मला जमत नाही, अन् अख्खं खोरं सोडून फक्त छोटा शिगरी हिमनदीचा परिसर धरला. नोव्हेंबर, मार्च, जूनचे मोकळ्या आभाळाचे सीन, शॉर्टवेव्ह २० मीटरचा आहे तो चालेल. चित्रं ठेवायला बर्डीच्या बाजारातून जुनी हार्ड डिस्क आणली, पैसे संपले. चंद्रताल चौकटीतच येत नाही.

गोधनी_पॅसेंजर: जुनी डिस्क काऊन घेतली बे? माझी दोन महिन्यांत बसली.