रविवारचं क्लिनिक, पाण्याची टाकी आणि पावसाळा: ग्रुपवरची चर्चा

सेक्रेटरी, बी-१०१: नमस्कार मंडळी. तळमजल्यावरचं आपलं क्लिनिक येत्या रविवारपासून सकाळी ९ ते ११ उघडं राहील. पाऊस तोंडावर आलाय. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीच्या पुराने काय केलं ते बडोद्याला सांगायला नको. खोलीत काय ठेवायचं, काय नाही आणि ग्रुपवर तब्येतीचे मेसेज कुणी टाकायचे, हे आज इथेच ठरवू. आजच्या दिवस सुप्रभातची फुलं नकोत.

डॉक्टर, ए-३०४: आधी काय नाही ते सांगतो. सलाईन लावणार नाही, ताकदीचं इंजेक्शन देणार नाही, सुट्या गोळ्या वाटणार नाही. मोजायचं, सांगायचं आणि गरज असेल त्याला वेळेत पुढे पाठवायचं, एवढंच. सलाईनबद्दल दर आठवड्याला कुणीतरी विचारतं म्हणून लिहितो: साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, ग्लुकोजच्या पाच टक्केवाल्या बाटलीत २५ ग्रॅम साखर. तोंडाने पिता येत असेल तर यासाठी शिरेत सुई टोचायचं काही कारण नाही.

आजोबा, ए-२०१: डॉक्टरसाहेब, घरच्या मशीनवर बीपी १५६ येतं, तुमच्याकडे १३८. खरं कुठलं मानायचं?

डॉक्टर, ए-३०४: काका, घरी कसं मोजता ते आधी सांगा. टेबलाजवळ बसून, हात मांडीवर ठेवून?

आजोबा, ए-२०१: सोफ्यावर. हात मांडीवरच. सदऱ्याची बाही वर सरकवून.

डॉक्टर, ए-३०४: म्हणजे तीन चुका एकत्र. हात हृदयाच्या पातळीच्या जितका खाली, तितका आकडा वर जातो. १० सेंटीमीटर खाली असेल तर साधारण ७-८ ने वाढतो. वर सरकवलेली बाही दंडाला आवळते. आणि सोफ्यात पाठ टेकत नाही, पाय धड जमिनीवर येत नाहीत.

नीट पद्धत अशी. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, जिना काही नाही. लघवीला जाऊन या. भरलेल्या लघवीनेही दाब वाढतो. खुर्चीत पाठ टेकून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. गप्प म्हणजे गप्प, सूनबाईंशी बोलत बोलत मोजू नका. हात टेबलावर, कफ (मशीनचा गुंडाळायचा पट्टा) उघड्या दंडावर, कोपराच्या वळीपासून दोन बोटं वर. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, आवडलेला एक नाही.

सिस्टरताई, सी-२०२: कफच्या मापाचं राहिलं. मशीनसोबत येणारा कफ बहुतेक २२ ते ३२ सेंटीमीटरच्या दंडासाठी असतो. शिवणकामाची टेप दंडाच्या मधोमध लावून बघा. ३२ च्या वर असेल तर मोठा कफ वेगळा मिळतो, तो घ्या. जाड दंडावर छोटा कफ लावला की आकडा खोटाच वर दिसतो आणि माणूस नको ती जास्तीची गोळी खातो. मनगटाचं मशीन नवीन घेऊ नका. आहे त्यांनी दंडाच्या मशीनशी एकदा ताडून पाहावं.

आजोबा, ए-२०१: आणि गोळीच्या आधी मोजायचं की नंतर?

सिस्टरताई, सी-२०२: सकाळी गोळी आणि नाश्त्याच्या आधी, संध्याकाळी जेवणाआधी. सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी १३५/८५ ही वरची रेघ, क्लिनिकमध्ये १४०/९०. ज्यांची नाडी अनियमित आहे त्यांचं मशीन चुकू शकतं, त्यांनी रविवारी या, आम्ही स्टेथोस्कोप लावून हाताने मोजू.

सी-४०१: आणि २०० आलं तर? आईच्या पर्समध्ये 'जिभेखाली ठेवायची गोळी' असते.

डॉक्टर, ए-३०४: ती गोळी मनाने द्यायची नाही. दाब एकदम कोसळला तर मेंदूचा रक्तपुरवठा कमी पडतो, उपायातूनच पक्षाघात व्हायचा. १८०/१२० च्या वर आलं तर पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजा. सोबत छातीत दुखणं, दम, तोंड वाकडं, जीभ जड, एका बाजूचा हात-पाय ढिला, यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन, आणि त्रास सुरू झाल्याची वेळ कागदावर लिहून ठेवा. सयाजी हॉस्पिटलला गेलात तरी पहिला प्रश्न वेळेचाच असतो. असलं काही नसेल तर घाबरू नका, पण त्याच दिवशी आपल्या डॉक्टरला दाखवा.

वहिनी, ए-१०२: शुगरसाठी रविवारी उपाशी यायचं ना? आणि साबण क्लिनिकमध्ये असेल की घरून हात धुऊन यायचं?

सिस्टरताई, सी-२०२: आठ तास उपाशी, पाणी चालेल. साबण ठेवतोय. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटाला लागलेली साखर सरळ मशीनच्या पट्टीवर जाते आणि २४० दिसतं. सॅनिटायझर लावला असेल तर तो उडू द्या. टोचायचं बोटाच्या कडेला, टोकावर नाही. थेंब यावा म्हणून बोट पिळायचं नाही.

घरी मशीन असणाऱ्यांनी पट्ट्यांची डबी उघडी ठेवू नका आणि बडोद्याच्या मे महिन्यात ती खिडकीत किंवा गाडीत तर मुळीच नाही. बहुतेक पट्ट्यांना ३० अंशांच्या वर चालत नाही. फ्रिजमध्येही नको, तिथला ओलावा लागतो.

डॉक्टर, ए-३०४: या मशीनवर मधुमेहाचं निदान होत नाही. १५ टक्के इकडेतिकडे होणं हे त्याचं मान्य गणित आहे. उपाशी १२६ च्या वर गेलं तर लॅबमध्ये शिरेतल्या रक्ताची तपासणी. उलट ७० च्या खाली, घाम, थरथर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं.

सेक्रेटरी, बी-१०१: सुया आणि लॅन्सेटचं (बोट टोचायच्या छोट्या सुईचं) काय? मागे कचरा उचलणाऱ्या बेनच्या हाताला सुई लागली होती.

सिस्टरताई, सी-२०२: क्लिनिकमध्ये पांढरा, न टोचणारा डबा असेल. तीन-चतुर्थांश भरला की बंद, आणि तो बायोमेडिकल कचऱ्याच्या गाडीलाच. इन्सुलिन घेणाऱ्या घरांनी सुई पुन्हा टोपणात घालायची धडपड करू नये, टोचायचं ते तिथेच टोचतं. लिक्विड डिटर्जंटची जाड बाटली घ्या, सुया आत टाका, बूच घट्ट लावून रविवारी आणून द्या.

वहिनी, ए-१०२: आमच्या धाकट्याला परवापासून जुलाब आहेत. सासूबाई म्हणतात दूध बंद करा. ओआरएस ग्लासभर करून ठेवलंय.

केमिस्ट, दुकान नं. ३: वहिनी, पाकीट मोठं की छोटं? साडेवीस ग्रॅमचं असेल तर ते एक लिटरचं आहे. ग्लासात घातलं असेल तर ओतून द्या.

डॉक्टर, ए-३०४: बरोबर. दाट ओआरएसने रक्तातलं मीठ वाढतं, बाळ आणखी सुकतं आणि चिडचिडं होतं. आपल्याला वाटतं अजून तहान लागलीय, म्हणून तेच आणखी पाजतो. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरला असंही करू नका, पावडर आत सारखी मिसळलेली नसते. पूर्ण पाकीट, मोजलेलं एक लिटर, उकळून गार केलेलं पाणी. २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. दोन वर्षांच्या आत दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू.

अंगावरचं दूध बंद करायचं नाही. मऊ भात, मुगाच्या डाळीचं पाणी, केळं, दही चालतं. झिंक १४ दिवस: सहा महिन्यांच्या वर २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिने १० मिलिग्रॅम. जुलाब थांबले म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करतात, ते नको. डोळे खोल गेले, सहा तास लघवी नाही, शौचात रक्त, बाळ मलूल, यापैकी एकही असेल तर रविवारची वाट बघू नका. आत्ता लघवी कधी झाली?

वहिनी, ए-१०२: तासाभरापूर्वी. खेळतोय. लिटरचं परत करते.

केमिस्ट, दुकान नं. ३: अजून एक. टेट्रापॅकमधली गोड पेयं 'ओआरएस' नावाने विकली जात होती. त्या नावाला २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) मनाई केली, पण घरात जुना साठा असू शकतो. साखर जास्त, मीठ कमी, जुलाब वाढतात. पाकीट नसेलच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा.

सेक्रेटरी, बी-१०१: जुलाबावरून पाण्याकडे. गेल्या पावसाळ्यात बी विंगमध्ये लागोपाठ चार घरं आजारी पडली होती. पाणीकाका, बोला.

पाणीकाका, बी-४०३: आजवा सरोवरातून किंवा मही नदीतल्या विहिरींतून शुद्ध होऊन निघालेलं पाणी आपल्या दारापर्यंत तसंच येईल याची खात्री नसते. दिवसातून ठरावीक वेळच पुरवठा असला की बाकीच्या वेळी नळ रिकामा राहतो, आणि जिथे सांधा सैल असेल तिथून बाजूच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. म्हणून पुरवठा सुरू झाल्यावर पहिली पाचेक मिनिटं पाणी गढूळ दिसलं तर ते टाकीत घेऊ नका, वॉल्व्ह बंद ठेवून बागेत सोडा. वॉचमनला हे लिहून द्यायला हवं, तोंडी सांगितलेलं पाळी बदलली की जातं.

दुसरं आपलं स्वतःचं. जमिनीखालच्या टाकीचं झाकण अंगणाच्या पातळीत आहे. पाऊस पडला की अंगण धुतलेलं पाणी सरळ आत. भोवती नऊ इंच कठडा बांधल्याशिवाय बाकी उपाय अर्धवट आहेत. ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळीही नाही.

सी-४०१: ब्लिचिंग पावडर किती टाकायची? वॉचमन मुठीने टाकतो.

पाणीकाका, बी-४०३: मूठ बंद करा. चांगल्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. १००० लिटरला अडीच ग्रॅम. आपली खालची टाकी ४०,००० लिटरची, म्हणजे भरलेली असताना १०० ग्रॅम. प्लास्टिकच्या बादलीत थोडं पाणी घालून आधी लगदा करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा, दहा मिनिटं ठेवा. खाली चुना बसतो. वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओता, चुना नाही. टाकीत पाणी भरत असताना ओतलं तर आपोआप मिसळतं. नंतर तासभर पंप चालू करायचा नाही, क्लोरीनला काम करायला वेळ लागतो. इथेच चुकतं: पावडर टाकली की लगेच पाणी वर चढवतात.

मग मोजायचं. पाण्यात उरलेलं क्लोरीन मोजायची क्लोरोस्कोपची पेटी दुकानात मिळते. सर्वात लांबच्या विंगमध्ये वरच्या मजल्यावर, आरओच्या आधीच्या नळाला, दोन मिनिटं पाणी सोडून नमुना घ्या. एरवी लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी हवं, पावसाळ्यात आणि पुरानंतर ०.५. शून्य आलं तर पाण्यातली घाण क्लोरीन खातेय किंवा पावडर मेलीय. उघड्या पोत्यातली, गठ्ठे झालेली पावडर कितीही टाका, उपयोग नाही.

वहिनी, ए-१०२: आमच्याकडे आरओ आहे, मग आम्हाला कशाला?

पाणीकाका, बी-४०३: वहिनी, आरओ क्लोरीनही काढून टाकतो. त्यानंतर त्याच्या टाकीतल्या पाण्याला राखण कुणाची? फिल्टर वेळेवर बदलला नाही, टाकी धुतली नाही, तर तिथे जंतू वाढतात. आणि भाजी, दात, डबे सगळे नळाच्याच पाण्याने धुतो आपण. ब्लिचिंगमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. संडास धुणाऱ्यांना हे सांगाच.

बी-२०२: डेंग्यूला पपईच्या पानांचा रस चालतो ना? प्लेटलेट वाढतात म्हणे. एक व्हिडिओ टाकू का?

डॉक्टर, ए-३०४: नका टाकू. प्लेटलेट बरं होताना आपोआप वाढतात, श्रेय रसाला जातं. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, पण डेंग्यूत धोक्याचे दिवस तेव्हाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोटात जोराचं दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, हे पाहायचं. ताप-अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही. डेंग्यूसाठी रक्ताची एनएस१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत, नंतर आयजीएम तपासणी. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय प्लेटलेट चढवत नाहीत. ५०-६० हजारांना रात्रीबेरात्री दाता शोधणारे मेसेज इथे फिरवू नका.

सिस्टरताई, सी-२०२: आणि धुराची गाडी आली म्हणून खुश होऊ नका. ती उडणारे डास मारते, अंडी नाही. अंडं ते डास आठवडा-दहा दिवसांत होतो, म्हणून दर रविवारी फ्रिजच्या मागची ट्रे, कूलर, कुंड्यांच्या बशा रिकाम्या करायच्या. नुसतं ओतून नाही, कडा घासून. कडेला चिकटलेली अंडी कोरडी कित्येक महिने टिकतात.

आजोबा, ए-२०१: भटक्या कुत्र्यांचंही लिहा. फाटकापाशी चार झालीत.

डॉक्टर, ए-३०४: चावा किंवा ओरखडा, वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना नाही. त्याच दिवशी दवाखान्यात लस. जखमेतून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) लागतं, ते आपल्या खोलीत नाही.

सेक्रेटरी, बी-१०१: आता मेसेजचं. माझं म्हणणं: तब्येतीचा मेसेज डॉक्टर, सिस्टरताई किंवा मीच टाकेन. वर तारीख, खाली 'काय करायचं' एका ओळीत. बाकीच्यांनी फॉरवर्ड आधी आम्हाला पाठवा.

डॉक्टर, ए-३०४: आणि कुणाचा रिपोर्ट नावानिशी ग्रुपवर नाही. 'बी विंगमध्ये डेंग्यूचा एक रुग्ण' एवढं पुरतं. क्षयाच्या बाबतीत तर जास्तच जपा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर मला वेगळा मेसेज करा.

केमिस्ट, दुकान नं. ३: ७० च्या वरच्यांच्या आयुष्मान वय वंदना कार्डासाठी (सरकारी मोफत उपचाराचं कार्ड) आधार आणि ओटीपी येणारा फोन घेऊन या, करून देतो. उत्पन्नाची अट नाही. दाखल झालात तर चालतं, नुसत्या ओपीडीला नाही. हे आधीच सांगतो, नंतर वाद नको.

सेक्रेटरी, बी-१०१: छान. क्लोरोस्कोप, मोठा कफ, पांढरा डबा, ओआरएसची वीस पाकिटं: या आठवड्यात आणतो. कठड्याचं काम पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ.

पाणीकाका, बी-४०३: कठडा मीटिंगला ठेवाल तर पाऊस आधी येईल. गवंडी उद्याच बोलवा, पैशाचं नंतर बघू. आणि ब्लिचिंगची छोटी बंद पाकिटंच आणा, पोतं नको. उत्पादनाचा महिना बघून.