परक्या देशाची शपथ घेताना

कोयनाकाठ

पुढच्या महिन्यात मला अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घ्यायची आहे. न्यू जर्सीत येऊन 19 वर्षे झाली, दोन्ही मुले इथेच जन्मली, पत्नीने चार वर्षांपूर्वीच नागरिकत्व घेतले. शपथ हा केवळ एक उपचार आहे असे मी आजवर धरून चाललो होतो. परंतु तिचा मजकूर वाचला आणि तिथेच अडलो. आजवर ज्या कोणत्या परकीय राजाचा, सत्तेचा अथवा राष्ट्राचा मी प्रजाजन किंवा नागरिक होतो, त्याच्याविषयीची सर्व निष्ठा मी निःशेष सोडून देत आहे, असे त्यात आरंभीच म्हणावे लागते. यातला ‘परकीय’ हा शब्द भारतासाठी आहे हे ध्यानात यायला मला ते वाक्य दोनदा वाचावे लागले.

गंमत अशी की, हा निर्णय मी भारतासाठीच घेत आहे असेही म्हणता येईल. वडील कऱ्हाडजवळच्या गावी एकटे असतात, वय 81 आहे, आणि त्यांच्याजवळ सलग वर्ष-दीड वर्ष जाऊन राहावे असे मनात आहे. ग्रीन कार्डावर, आधी वेगळा परवाना काढल्याखेरीज, एक वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिले तर ते कार्डच धोक्यात येते. अमेरिकेचा नागरिक झालो तर ती अडचण उरत नाही. म्हणजे स्वतःच्या गावी निर्धास्त राहण्यासाठी मला आधी परदेशी व्हावे लागणार आहे. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. परिपाठाच्या वेळी वर्षानुवर्षे त्यांनी मुलांकडून ‘भारत माझा देश आहे’ म्हणवून घेतले, आणि त्या मुलांत मीही होतो. दूरध्वनीवर त्यांना सगळे सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “पासपोर्ट परत द्यावा लागतो का रे?” त्यापुढे ते काही बोलले नाहीत.

कायद्याची माहिती मला आहे. मला विचारायचे आहे ते असे की, निष्ठा सोडल्याचे मोठ्याने म्हटल्यानंतरही माझे देशावर प्रेम आहे असे म्हणण्याचा अधिकार माणसाला उरतो का?

टिपणवही

कायद्याची माहिती आहे म्हणता, तरी इतर वाचकांसाठी दोन गोष्टी लिहून ठेवतो. नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 9 नुसार स्वेच्छेने दुसरे नागरिकत्व घेतले की भारताचे नागरिकत्व आपोआप संपते. नंतर पासपोर्ट परत करण्याची प्रक्रिया असते, तिने केवळ नोंद होते. 2005 पासूनच्या ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या) कार्डाला काही जण ‘दुहेरी नागरिकत्व’ म्हणतात ते चूक आहे, कारण त्यावर मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांची जमीन मात्र वारसाहक्काने येऊ शकते.

सह्यकडा

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीत 24 वर्षे होते. शपथेतले शब्द म्हणजे हवा नव्हे, त्या शब्दांखातर उद्या प्राण मागितला जाऊ शकतो, हे आमच्या घरात लहानपणापासून ठाऊक होते. आपण जी शपथ घेणार आहात तिच्यातही, कायद्याने आवश्यक ठरल्यास त्या देशासाठी शस्त्र हाती घेईन, असे वचन आहेच. मग ते मनापासून द्यावे आणि त्या देशाशी इमान राखावे. दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभे राहता येत नाही. तिकडे निष्ठेची शपथ घ्यायची, आणि पंधरा ऑगस्टला मिरवणुकीत तिरंगा घेऊन इथल्या लोकांना देशभक्ती शिकवायची, ही रीत मला पटत नाही. आपण असे करता असे मी म्हणत नाही. करणारे पाहिले आहेत म्हणून लिहिले. दुरून जे उरते त्याला ओढ म्हणावे, आठवण म्हणावे. देशप्रेम हा शब्द ज्यांना त्याची किंमत मोजावी लागते त्यांच्यासाठी ठेवावा.

मांडवीतीर

आमच्या गोव्यात हा प्रश्न घरोघरी येऊन गेला आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. मात्र त्याआधी इथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवण्याची वाट पोर्तुगालच्या कायद्याने मोकळी ठेवली. त्या वाटेने हजारो गोवेकर गेले, आणि त्यातले कितीतरी पोर्तुगालमध्ये न राहता इंग्लंडला पोहोचले. स्विंडन हे नाव आमच्याकडे आता तालुक्याच्या गावासारखे उच्चारले जाते.

आमच्या शेजारच्या घरातले आजोबा पोर्तुगिजांविरुद्धच्या सत्याग्रहात आग्वादच्या तुरुंगात होते. त्यांचे मानपत्र आजही ओसरीवर टांगलेले आहे, आणि त्यांच्या नातवाचा पोर्तुगीज पासपोर्ट आतल्या कपाटात आहे. गावात यावर कुजबुज झाली, नाही असे नाही. तो मुलगा स्विंडनला गोदामात रात्रपाळी करतो, दर वर्षी चवथीला येतो, गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी स्वतः बांधतो, आणि घराचे कौल फुटले असेल तर छपरावर चढून बदलतो. त्याचे या मातीवर प्रेम नाही असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पण दोन वर्षांपूर्वी एक प्रसंग घडला. वाड्यावरच्या झऱ्याशेजारी मोठे बांधकाम येणार होते आणि त्यावर ग्रामसभा भरली. तो नेमका सुट्टीवर आला होता. झऱ्याविषयी त्याला आमच्यापेक्षा अधिक माहिती, कारण लहानपण सगळे तिथेच गेले. तो बोलायला उभा राहिला, तेव्हा कुणीतरी विचारले, “मतदारयादीत तुझे नाव आहे काय?” तो खाली बसला. त्या संध्याकाळी तो आमच्या ओसरीवर येऊन बराच वेळ बसला होता. इंग्लंडमधल्या थंडीविषयी बोलत होता, झऱ्याविषयी एक शब्दही नाही.

म्हणून, कोयनाकाठ, मला वाटते की शपथेमुळे प्रेम जात नाही. भांडण्याचा हक्क जातो. आपल्या देशात काही चुकले तर ‘हे चालणार नाही’ असे तोंडावर सांगण्याचा जो अधिकार इथल्या गरिबातल्या गरीब माणसाला आहे, तो आपल्याला राहणार नाही. पुढे आपण कौतुक कराल, देणग्या द्याल, हळहळाल. पण रागावलात तर लोक म्हणतील, तुम्ही कोण? मला विचाराल तर खरे नुकसान हे आहे, आणि त्याची मोजदाद शपथेआधी मनाशी व्हावी.

इंदोरा

सह्यकडा यांच्या प्रतिसादावर लिहितो. त्यांच्या वडिलांविषयी आदर आहेच. परंतु सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावातून पहिल्या महायुद्धात जे जवान गेले आणि परत आले नाहीत, त्यांनी शपथ ब्रिटिश राजाच्या नावाने घेतली होती. त्यांची निष्ठा खरी होती, मरण तर खरे होतेच. मग त्यांचा देश कोणता? शपथ आणि देश हे एकमेकांत बसवायला गेले की असे काहीतरी बाहेर उरते.

आणखी एक गोष्ट आहे. देशावर प्रेम करणे सर्वांना सारखेच सोपे असते असे गृहीत धरून आपण बोलतो. 14 ऑगस्ट 1931 रोजी मुंबईत मणिभवनात डॉ. आंबेडकर गांधीजींना म्हणाले होते की, मला मायभूमीच नाही. जिथे पाणी प्यायला मिळत नाही, जिथे माणूस म्हणून वागवले जात नाही, त्या भूमीला आपली कसे म्हणावे, असा तो सवाल होता. त्याच माणसाने पुढे या देशाची घटना घडवली, आणि 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात संविधान सभेला बजावले की, हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, जाती या राष्ट्रविरोधी आहेत. देशाकडून इतकी कठोर मागणी करणे हेही प्रेमच होते असे मी मानतो. म्हणून मांडवीतीर यांचे भांडणाच्या हक्काविषयीचे म्हणणे मला मनापासून पटले.

शाळेतल्या प्रतिज्ञेचा उल्लेख झाला आहे, तर ती नीट आठवून पाहावी. पैडिमर्री व्यंकट सुब्बाराव यांनी ती 1962 साली तेलुगूत लिहिली. तिच्यात प्रेम आणि निष्ठा ही दोन वेगळी वाक्ये आहेत, आणि निष्ठा केवळ देशाशी सांगितलेली नाही, ‘माझा देश आणि माझे देशबांधव’ यांच्याशी सांगितलेली आहे. अमेरिकेची शपथ राष्ट्राविषयीची निष्ठा सोडायला लावते. बांधवांविषयी तिच्यात अक्षर नाही. ‘त्यांचे कल्याण आणि त्यांची समृद्धी ह्यांतच माझे सौख्य सामावले आहे’ हे वाक्य आपल्याला उद्याही खोटे न बोलता म्हणता येईल की नाही, हे आपले आपणच पाहावे. इथे राहणाऱ्या आमच्यापैकी कितींना ते म्हणता येते, हा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतो.

कोयनाकाठ

सर्वांचा आभारी आहे, सह्यकडा यांचाही. त्यांनी जे लिहिले ते मी स्वतःला अनेकदा बोललो आहे. ग्रामसभेचा प्रसंग वाचून मात्र मी गप्प झालो. गावच्या पाणीपुरवठ्यावरून मी दर वर्षी सरपंचांशी वाद घालत आलो आहे, आणि तो वाद घालण्याचा हक्क माझ्या नागरिकत्वातून येतो हे कधी मनात आले नव्हते.

काल वडिलांशी पुन्हा बोललो. त्यांनी धाकटीला विचारले की, तुमच्या शाळेत सकाळी काय म्हणतात? तिने अमेरिकेच्या ध्वजाची प्रतिज्ञा म्हणून दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि मध्येच आलेल्या एका शब्दाचा अर्थ मला विचारला. मी म्हटले, प्रजासत्ताक. “हां, म्हणजे 26 जानेवारी,” असे म्हणून त्यांनी नातीला ‘पाठांतर चांगले आहे’ अशी शाबासकी दिली.

शपथेची तारीख मी बदललेली नाही. जुना पासपोर्ट रद्द झाल्याचा शिक्का मारून परत मिळतो, असे मी त्यांना सांगितले. तो इकडे ठेवू नकोस, येताना घेऊन ये, असे ते म्हणाले आहेत.