मदत हवी आहे: पॉपकाउंट रास्पबेरी पायवर बरोबर, लॅपटॉपवर ८ च्या जागी ३२ देतंय

नमस्कार मंडळी, सी++ चा प्रश्न आहे, दोन दिवस अडकलोय. आमच्या बोर्डवरून सिरियल पोर्टने पॅकेट येतं, त्यातल्या एकेका बाइटमध्ये ८ चॅनेलचं चालू-बंद असतं, आणि किती चॅनेल चालू आहेत हे मोजायला आधीच्या माणसाने हाताने फंक्शन लिहून ठेवलंय, ० ते ७ लूप, उजवीकडे शिफ्ट, १ शी अँड, बेरीज, बास. चार वर्षं चाललंय नीट. आता प्रोजेक्ट सी++ २० वर नेला म्हणून सीनियर म्हणाले की हे काढ आणि एसटीडी पॉपकाउंट (संख्येत किती बिट १ आहेत ते मोजणारं तयार फंक्शन) वापर, मलाही पटलं.

आलेले बाइट ज्यात ठेवतो तो बफर कॅरचा (एक बाइटचा char टाइप) आहे. कॅर तसाच दिला तर कंपाइलच होत नाही, अनसाइन्ड (कधी निगेटिव्ह न होणारा) टाइप पाहिजे म्हणतो, म्हणून मी ३२ बिटांच्या अनसाइन्ड इंटमध्ये कास्ट केलं, म्हणजे टाइप बदलून दिला. पायवर सगळे टेस्ट पास झाले, पण लॅपटॉपवर आठही चॅनेल चालू असले की ३२ येतात, आणि फक्त पहिला आणि आठवा चालू असेल तर २ च्या जागी २६! आठवा बंद असेल तर आकडा एकदम बरोबर. कोड तोच, दोन्हीकडे कंपाइलर जीसीसीच. लायब्ररीत बग असेल असं वाटत नाही, मग चुकतंय कुठे? आणि स्पीडसाठी -march चा फ्लॅग (प्रोसेसरच्या खास इन्स्ट्रक्शन वापर असं कंपाइलरला सांगणारा) पण लावायचा का?

प्रतिसाद:
लायब्ररी बरोबर आहे, कास्ट चुकलाय. लॅपटॉपच्या इंटेलवर जीसीसी साधा कॅर साइन्ड (निगेटिव्हही होऊ शकणारा) धरतो आणि पायच्या एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड, त्यामुळे आठवा बिट १ असला की लॅपटॉपवर ती संख्या निगेटिव्ह होते आणि ३२ बिटांत नेताना वरचे २४ बिट सगळे १ ने भरतात, म्हणून २ चे २६. जुना लूप खालचे आठच बिट बघायचा म्हणून हे इतकी वर्षं दिसलंच नाही. कास्ट अनसाइन्ड कॅरमध्ये कर, पॉपकाउंट तेवढेच ८ बिट मोजतो. आणि दहा ठिकाणी कास्ट पेरत बसू नकोस, एक छोटं फंक्शन कर. जुनं फंक्शन लगेच उडवू नको, ० ते २५५ सगळ्या किमती दोन्हींना देऊन ताडून बघ, एकूण बेरीज १०२४ यायला पाहिजे.

फ्लॅग जपून. पॉपकाउंटची इन्स्ट्रक्शन इंटेलमध्ये २००८ च्या नेहालेम प्रोसेसरपासून आली, त्याआधीच्या मशीनवर प्रोग्राम इलीगल इन्स्ट्रक्शन देऊन पडेल. फ्लॅग नसला तर जीसीसी स्वतःचं फंक्शन कॉल करतो, जरा हळू पण उत्तर बरोबरच. बॉड रेट (सिरियल पोर्टचा वेग) किती आहे तुझा?

धागाकर्ता:
१,१५,२०० आहे, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ११,५२० बाइट. मग फ्लॅग नकोच, क्लायंटकडे नेहालेमच्या आधीचा एक कोअर टू ड्युओ अजून रोज चालू असतो. कास्ट बदलला, दोन्ही मशीनवर १०२४ आले. मनापासून आभार दादा, २५५ पर्यंतची ती टेस्ट आता कायमची ठेवतोय.